अबोल रोगी आणि अबोल इतिहास : सर जॉर्ज स्टिल यांचे बालवैद्यक

वैद्यकशास्त्र कोणत्याही देशाचे असो, रोग्याच्या परीक्षेचा आरंभ प्रश्नाने होतो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, अन्नावर वासना आहे की नाही, रात्री झोप लागते की नाही, हे रोग्याच्या तोंडून ऐकून घ्यावे आणि मग नाडीला हात लावावा, असा क्रम फार पूर्वीपासून चालत आला आहे. एका रोग्यापुरता मात्र हा क्रम निरुपयोगी ठरतो. तो रोगी म्हणजे तान्हे मूल. त्याला दुखते, पण कोठे ते सांगता येत नाही. आई सांगते ते मोलाचे असते, परंतु तिच्या भयाचा रंग त्यात मिसळलेला असतो. अशा वेळी वैद्याला मुलाचे रडणे, त्याची कूस बदलणे, हाताची मूठ, कपाळाची आठी यांतूनच उत्तर शोधावे लागते.

इतिहासकाराची अडचण याहून फारशी वेगळी नाही. जुन्या दफ्तरांत राजे बोलतात, मुत्सद्दी बोलतात, सावकारांच्या वह्या बोलतात. क्वचित एखादी स्त्रीही बोलते. मूल मात्र कोठेच बोलत नाही. जन्माच्या आणि मृत्यूच्या नोंदीत ते क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. किती मुले मेली हे एखाद्या वेळी कळते, ती कशी जगली आणि कशाने कण्हली हे कळत नाही. बालरोगांचा इतिहास लिहिणे म्हणजे या मुक्या साक्षीदारांची जबानी घेणे होय.

ही दोन्ही मौने ज्याने एकाच आयुष्यात ऐकण्याचा यत्न केला, असा एक पुरुष म्हणजे लंडनचे सर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल. त्यांच्या कार्याचा परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा प्रथम हेतू होता. परंतु लिहिता लिहिता त्यातून आपल्याकडील अभ्यासकांपुढे येणारा एक प्रश्नही निघाला. तो शेवटी मांडू.

स्टिल यांचा जन्म १८६८ साली लंडन येथे झाला. केंब्रिज येथे त्यांनी प्रथम ग्रीक व लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास करून पहिला वर्ग मिळविला आणि नंतर ते वैद्यकाकडे वळले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे साठीनंतर ज्या जुन्या ग्रंथांत ते शिरले, त्यांची दारे उघडणारी किल्ली त्यांनी विशीतच मिळविली होती. गाय्झ रुग्णालयात शिक्षण पुरे करून ते ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात दाखल झाले. हे रुग्णालय चार्ल्स वेस्ट यांच्या खटपटीने १८५२ साली अवघ्या दहा खाटांनिशी उघडले होते. तेथे काम करीत असता स्टिल यांनी मुलांच्या एका जुनाट संधिविकाराची २२ उदाहरणे तपासली आणि त्यांवरील निबंध १८९७ साली प्रसिद्ध केला. मुलांचे सांधे धरतात तो मोठ्या माणसांचाच संधिवात, असा तोवरचा समज होता. स्टिल यांनी दाखविले की काही मुलांत सांध्यांच्या सुजेबरोबर ताप येतो, गळ्यातील व काखेतील ग्रंथी वाढतात, पाणथरी वाढते. म्हणून हा प्रकार निराळा धरला पाहिजे. पुढे हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

१९०२ साली त्यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली. विषय होता मुलांच्या मनोव्यापारांतील काही विकृती. बुद्धीने मंद नसलेली, तरीही क्षणभर स्थिर न बसणारी, लक्ष न लागणारी, शिक्षा केली तरी पुन्हा तेच करणारी अशी मुले त्यांनी वर्णिली. शिक्षकवर्गाला हे वर्णन परके वाटणार नाही. अशा मुलाला छडी देण्यापलीकडे आपल्या शाळांतही फारसे काही केले जात नसे. स्टिल यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटले. आज ते नाव कोणी वापरीत नाही. परंतु अवधानाच्या आणि अतिचंचलतेच्या विकारांचा पूर्वेतिहास सांगताना त्यांच्या या व्याख्यानांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नाव गेले, निरीक्षण राहिले. हा अनुभव पुढे इतिहास वाचतानाही त्यांच्या उपयोगी पडला असावा, असे आम्हांस वाटते.

१९०६ साली ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात बालरोगांचे प्राध्यापक झाले; अशा पदावर बसणारे ते इंग्लंडातील पहिलेच. १९०९ साली त्यांचा बालरोगांवरील पाठ्यग्रंथ निघाला आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हाती तो अनेक वर्षे राहिला. १९२८ साली ब्रिटिश बालवैद्यांची संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. एवढी मानमान्यता मिळाल्यावर, वयाच्या ६३ व्या वर्षी, म्हणजे १९३१ साली, त्यांनी आपला पाचशेहून अधिक पृष्ठांचा बालवैद्यकाचा इतिहास प्रसिद्ध केला. १९४१ साली ते निवर्तले.

मोठ्या वैद्याने उतारवयात इतिहास लिहिला की त्याला विरंगुळा म्हणण्याची चाल आहे. स्टिल यांच्या ग्रंथाला हे विशेषण लागू पडत नाही. तो ग्रीकांपासून आरंभ करतो आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस थांबतो. केवळ मुलांसाठी असलेले पॅरिसचे मोठे रुग्णालय १८०२ सालचे, आणि लंडनचे, वर सांगितल्याप्रमाणे, १८५२ सालचे. म्हणजे स्टिल यांनी लिहिला तो मुलांची रुग्णालये निघण्यापूर्वीचा इतिहास आहे. 'बालवैद्य' या नावाने कोणी ओळखला जात नव्हता, अशा काळातील बालवैद्यांचा आहे. ज्या शास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले, त्या शास्त्राला पूर्वज होते, आणि ते विस्मृतीत गेले होते, हे त्यांनी जगापुढे ठेवले.

हे पूर्वज कोण होते? छापील ग्रंथांपुरते पाहावयाचे तर पहिला मान पादुआच्या पाओलो बागेलार्दो यांचा. त्यांचे मुलांच्या रोगांवरील लॅटिन पुस्तक १४७२ साली छापले गेले. युरोपात मुद्रणकला येऊन तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी आउग्सबुर्ग येथे बार्टोलोमेउस मेटलिंगर यांचे पुस्तक निघाले, ते मात्र जर्मन भाषेत. लॅटिन न जाणणाऱ्या आईबापांसाठी ते होते. इंग्रजीतील पहिले असे पुस्तक टॉमस फेअर यांचे, १५४५ च्या सुमाराचे. हे फेअर वकीलही होते, वैद्यही होते, आणि व्हर्जिलच्या महाकाव्याचे इंग्रजी भाषांतर करणारे साहित्यिकही होते. साहित्याच्या उपासकांना यात एक अभिमानाची गोष्ट सापडेल. वैद्यकाची पंडिती भाषा लॅटिन असताना मुलांचे वैद्यक मात्र इतक्या लवकर लोकभाषेत उतरले. कारण उघड आहे. मोठ्या माणसाचे औषध वैद्य देतो, मुलाचे औषध आई देते. आणि आईला कळेल अशा भाषेत जे ज्ञान लिहिलेले नाही, ते पाळण्यापर्यंत पोचत नाही.

पुढच्या दोन शतकांत हे ज्ञान कोणत्या संकटांतून गेले, ते दोन उदाहरणांवरून कळेल. लंडनचे सुप्रसिद्ध अनाथालय १७४१ साली उघडले. टाकून दिलेली अर्भके वाचावीत हा त्याचा हेतू. त्या संस्थेशी संबंधित असलेले वैद्य विल्यम कॅडोगन यांनी १७४८ साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात सांगितले की मुलाला कपड्याच्या पट्ट्यांत आवळून बांधू नका, ऊबदार पण सैल कपडे घाला, आणि आईचे दूध पाजा. हे सांगण्यास निबंध लिहावा लागला, यावरूनच त्या काळचा प्रघात लक्षात यावा. १७५६ ते १७६० या चार वर्षांत सरकारी मदतीच्या अटीमुळे या अनाथालयाला येईल त्या प्रत्येक मुलास घ्यावे लागले. सुमारे १५,००० मुले आली. त्यांतील एक तृतीयांशाहूनही कमी मुले पुढे काम शिकण्याच्या वयापर्यंत जगली. दया होती, पैसा होता, इमारत होती. नव्हते ते इतक्या तान्ह्या मुलांना जगविण्याचे सामर्थ्य.

दुसरे उदाहरण जॉर्ज आर्मस्ट्राँग यांचे. त्यांनी १७६९ साली लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी मोफत दवाखाना उघडला आणि सुमारे बारा वर्षे तो चालविला. त्या अवधीत तेथे सुमारे ३५,००० मुलांवर उपचार झाले. त्यांना कोणी विचारले, मुलांना ठेवून घेण्यासाठी रुग्णालय का काढीत नाही? त्यांचे म्हणणे असे की आजारी मुलाला आईपासून वेगळे करणे हाच त्याच्यावर आघात आहे. आणि सगळ्या आयांना सोबत ठेवावे तर रुग्णालयाला जागा पुरणार नाही. पैशांअभावी दवाखाना बंद पडला, आर्मस्ट्राँग १७८९ साली जवळजवळ विस्मृतीत मरण पावले, आणि त्यांचा विचारही त्यांच्याबरोबर मागे पडला. एकोणिसाव्या शतकात मुलांची रुग्णालये निघाली, त्यांत आईबापांनी आठवड्यातून ठरावीक वेळीच भेटावे असे नियम झाले. रुग्णालयातील मुलांच्या आईबापांस येण्यास मुक्तद्वार असावे, अशी शिफारस ब्रिटनमधील प्लॅट समितीने केली ती १९५९ साली. जी गोष्ट एका गरीब दवाखान्याच्या चालकाला १७७० च्या सुमारास कळली होती, ती पुन्हा शिकण्यास जवळजवळ दोन शतके लागली. इतिहास विसरल्याची किंमत कोणी भरली? ज्यांना तक्रार करता येत नव्हती, त्यांनी.

ही विसरण्याची किंमत झाली. न तपासता लक्षात ठेवण्याचीही तितकीच मोठी किंमत असते. दात येण्याविषयीच्या समजुतीची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. ग्रीक काळापासून वैद्यांचा समज होता की दात येणे हे मुलाला प्राणघातक ठरू शकते. लंडनच्या जुन्या मृत्युपत्रकांत 'दात' हे मरणाचे एक स्वतंत्र कारण म्हणून नोंदले जाई. सोळाव्या शतकापासून हिरड्यांना शस्त्राने छेद देण्याचा उपाय सुरू झाला आणि तो एकोणिसाव्या शतकातही चालू होता. वास्तविक दात येण्याचे वय म्हणजे वरचे दूध आणि वरचे अन्न सुरू होण्याचे वय. दूषित दुधाने मूल दगावत होते आणि आळ दातांवर येत होता. एका ग्रंथकाराने लिहावे, पुढच्याने उतरवून घ्यावे, आणि दोन हजार वर्षांनी तेच वाक्य प्रमाण म्हणून पुढे करावे, अशी ही परंपरा होती.

तिचा शेवटचा अंक तर स्टिल यांच्या हयातीतच चालू होता. दात येणाऱ्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या पुडींत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे एक लवण, असे. त्याच काळात अनेक देशांत मुलांना एक चमत्कारिक रोग होऊ लागला होता. हातपाय गुलाबी होत, दुखत, कातडी सोलून निघे, मूल उजेडाकडे पाहीनासे होई आणि रात्रंदिवस रडे. वैद्य कारण शोधीत राहिले. कोणी अन्नाला दोष दिला, कोणी जंतूंना. अमेरिकेतील सिनसिनाटीचे वार्कनी आणि हबार्ड यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा दाखवून दिला आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. तेव्हा स्टिल निवर्तून सात वर्षे झाली होती. त्यानंतरच्या दशकात या पुडींतून पारा काढून टाकण्यात आला आणि तो रोग जवळजवळ नाहीसाच झाला. रोग औषधातूनच येत होता.

आपल्याकडे असे काही घडलेच नाही, असे मानून समाधान करून घेता येणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन निजवीत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कामगार-पाहण्यांत या चालीची नोंद झाली आहे. इंग्लंडच्या कारखान्यांच्या गावांत त्याआधी अफूचेच गोड पाक बाटल्यांतून विकले जात. आईला दोष देणे सोपे आहे. पण बारा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बाईपुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे विचारल्याखेरीज बालरोगाचा इतिहास पुरा होत नाही. मुलाचा रोग पुष्कळदा घराच्या दारिद्र्यात सुरू होतो.

जुन्या नोंदी वाचण्यास वैद्याचीच दृष्टी का लागते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर स्टिल यांचे समव्यवसायी, अमेरिकेतील हार्टफर्ड येथील बालवैद्य अर्नेस्ट कॉलफील्ड, यांच्या कामात आहे. न्यू इंग्लंड प्रांतांत १७३५ ते १७४० च्या दरम्यान घशाच्या रोगाची भयंकर साथ आली होती. हॅम्प्टन फॉल्स नावाच्या गावी सुमारे वीस कुटुंबांतील एकूण एक मूल मेले. जुने लेखक या साऱ्याला एकच नाव देत. कॉलफील्ड यांनी १९३९ साली जुनी वर्णने गावोगावच्या नोंदींशी ताडून दाखविले की एका नावाखाली दोन रोग लपले होते. न्यू हॅम्पशरकडे मुलांना नेणारा घटसर्प, आणि बोस्टनमध्ये बहुतांशी अंगावर लाल पुरळ उठविणारा, त्या मानाने सौम्य असा स्कार्लेट ज्वर. कोणत्या मुलाचा घसा आतून कसा दिसतो, हे ज्याने हजारो वेळा पाहिले आहे, त्यालाच दोनशे वर्षांपूर्वीच्या ओळीतील फरक दिसला. उलट, ज्याला जुनी लिपी, जुनी भाषा आणि जुन्या शब्दांचे अर्थ ठाऊक नाहीत, त्या वैद्याच्या हाती ती ओळ पडूनही व्यर्थ.

असो. आता आमच्या प्रश्नाकडे वळू. स्टिल यांचा ग्रंथ ज्या साधनांवर उभा आहे, ती ग्रीक, रोमन, अरबी आणि युरोपीय. त्यानंतर सातच वर्षांनी, १९३८ साली, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून काश्यपसंहिता प्रसिद्ध झाली. तिला वृद्धजीवकीय तंत्र असेही म्हणतात. नेपाळात पंडित हेमराज शर्मा यांस मिळालेली ही खंडित पोथी वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या परिश्रमाने छापली गेली. कौमारभृत्य, म्हणजे बालकांचे वैद्यक, हाच जिचा मुख्य विषय, अशी आपल्याकडील ही प्राचीन संहिता.

तीत वेदनाध्याय नावाचे एक प्रकरण आहे. न बोलणाऱ्या मुलाला कोठे दुखते हे कसे ओळखावे, हा त्याचा विषय. डोके दुखत असेल तर मूल मस्तक फार हलविते, डोळे मिटून घेते. कान दुखत असेल तर हातांनी कानाला स्पर्श करते, दूध नको म्हणते, झोपत नाही. अशी एकेका अवयवाची लक्षणे तेथे क्रमाने दिली आहेत. सुश्रुतानेही सांगून ठेवले आहे की जेथे दुखते तेथे मूल वारंवार हात नेते आणि तेथेच दुसऱ्याने हात लावला की रडते. आजचा बालवैद्य याहून वेगळे काही करीत नाही. ज्या अडचणीपासून आम्ही हा लेख सुरू केला, तिचे उत्तर शोधीत त्या काळीही कोणी मुलाच्या उशाशी बसले होते, हे वाचताना मन भरून येते.

परंतु हे वाचून कोणी 'सर्व काही आमच्याकडे होतेच' असा घोष करू लागेल, तर त्याने त्याच संहितेतील रेवतीकल्पही वाचावा. तेथे जातहारिणींचे वर्णन आहे. मूल दगावले, गर्भ गळाला, तर त्याचे कारण पुष्कळदा बाईच्या आचरणात शोधलेले आहे. हा दोष आपल्या घरांतून अजून पुरता गेलेला नाही. सहाव्या दिवशी सटवीची पूजा मांडणाऱ्या हातांत श्रद्धा असते, तिचा आम्ही अनादर करीत नाही; पण मूल गेल्यावर त्या बाईकडे वळणाऱ्या नजरांत जे असते, ते श्रद्धा नव्हे. वेदनाध्याय आणि रेवतीकल्प ही एकाच पोथीची पाने आहेत. दातांचा भ्रम आणि कॅडोगनचा शहाणपणा जसा एकाच परंपरेत नांदला, तसेच हे. पूर्वजांचे डोळे कोठे उघडे होते आणि कोठे मिटलेले होते, हे दोन्ही सांगतो तो इतिहास; त्यांतील एकच सांगितले तर ती स्तुती होते किंवा निंदा.

ही निवड कोणी करावयाची? आपल्याकडे संस्कृत जाणणाऱ्याला मुलाची तपासणी ठाऊक नसते, आणि मुलाची तपासणी जाणणाऱ्याला पोथी वाचता येत नाही. पहिला शब्दार्थ लावून थांबतो. दुसरा इंग्रजी सारांशावर विसंबून अभिमान किंवा तिरस्कार यांपैकी एक पदरी घेतो. स्टिल यांच्या ठायी दोन्ही विद्या एकत्र आल्या, कारण वैद्यक शिकण्यापूर्वी त्यांनी भाषा शिकली होती आणि भाषा शिकून झाल्यावर ते पोथीपाशी न थांबता पाळण्यापाशी गेले. शाळा-महाविद्यालयांत शास्त्रशाखा आणि भाषाशाखा यांच्यामध्ये आपण जी भिंत घालतो, ती घालताना शिक्षकांनी या उदाहरणाचा विचार करावा. वैद्यकाकडे जाणाऱ्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याला 'संस्कृत सोड, मार्क मिळणार नाहीत' असे सांगताना आपण काय बंद करीत आहो, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

काश्यपसंहितेची पुष्कळ पाने हरवलेली आहेत आणि उरलेली पाने छापून निघाल्यालाही कित्येक दशके लोटली. सकाळी दवाखान्यात मुले तपासणारा आणि संध्याकाळी ती पोथी उघडून बसणारा एखादा वाचक आपल्या मराठी शाळांतून निघो, एवढीच आमची इच्छा आहे.